झगा विकून तलवार घ्या?

दर्यापूरची मास्तरीण: काल इथं एकानं लिहिलं, "बायबलात लूकच्या शुभवर्तमानात, २२:३६ मध्ये प्रभू येशू स्वतः शिष्यांना सांगतो, झगा विका पण तलवार घ्या. ख्रिस्ती माणसानं युद्धाला नावं ठेवू नयेत." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. पुढच्या ओळी का गाळल्या? शिष्य म्हणतात, दोन तलवारी आहेत. तो म्हणतो, पुरे. दोन तलवारींत कोणती लढाई होते? त्याच रात्री प्रभूला धरायला लोक आले, तेव्हा शिष्यानं त्यांतल्या एकाचा कान कापला, तर प्रभूनं तो बरा केला. मार्च २०२२ मध्ये पुतिन यांनी मॉस्कोच्या स्टेडियममध्ये "मित्रांसाठी प्राण द्यावा" हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन युक्रेनमध्ये लढणाऱ्या सैनिकांसाठी वापरलं. अहो, ते वचन प्राण देण्याचं आहे, घेण्याचं नाही!

वरूडचा संत्रावाला: पोस्ट माझीच. बायबलातलं यहोशवाचं पुस्तक फाडून टाकायचं का मग? यरीहो शहराची भिंत पडल्यावर इस्राएलांनी आतली बायापोरंही सोडली नाहीत, देवाच्याच आज्ञेनं. पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय १३ वाचा, अधिकारी तलवार उगाच धरत नाही. हिटलर काय प्रार्थनेनं थांबला असता?

मास्तरीण: हिटलरच्या सैनिकांच्या पट्ट्यावर काय कोरलं होतं? "देव आमच्यासोबत."

कळंबचा कास्तकार: वचनं तुमी वाचा. आमच्या गावात पहाटे चारले पोट्टे डांबरी रोडवर धावतात, भरतीसाठी. माह्या भावाची छाती दोनदा कमी भरली, तिसऱ्यांदा झालं. निघताना पास्टरनं स्तोत्र ९१ वाचलं, तुह्या बाजूले हजार पडतील, तुले काई होनार नाई. माय रडत होती. मी म्हटलं, ते हजार कोनाचे पोट्टे?

संत्रावाला: माझे वडील फौजेत होते. सैनिकाचा अपमान खपवून घेणार नाही.

कास्तकार: अपमान कुठी केला? कापसाले भाव असता तं धावला असता काय तो? आता तं चार वर्साचीच नोकरी. मंग?

संत्रावाला: संत्र्याला तरी कुठं भाव आहे? गळती लागली की अर्धा बगीचा खाली पडतो. म्हणून मी देशाला नावं ठेवतो का?

कास्तकार: देशाले नाई भाऊ, वचन वापरनाऱ्याले. स्तोत्र वाचनारा स्वताचा पोरगा कधी धाडत नाई.

मास्तरीण: भावावरून भांडू नका. धागा युद्धाचा आहे.

संत्रावाला: ठीक. दोन तलवारींचं पुन्हा वाचलं. ते वचन युद्धासाठी नाही, तेवढं मानतो. पण यहोशवाचं उत्तर तुम्ही दिलंच नाही.

मास्तरीण: नाही दिलं. माझ्याकडे नाही. पंचवीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना खेळात यरीहोची भिंत पाडायला लावली, टाळ्या वाजवत, गोल फिरत. आत माणसं होती, हे एकदाही सांगितलं नाही.