मदत हवी आहे: कराचं मतदान व्हायच्या आधी टीफियाकडे (अमेरिकी वाहतूक खात्याची प्रकल्पांना कर्ज देणारी योजना) लेटर ऑफ इंटरेस्ट (कर्ज मागण्याआधीचं स्वारस्यपत्र) पाठवावं का?

अमेरिकेतल्या एका ग्रामीण काउंटीच्या रस्ते विभागात आहे. जुन्या पुलाच्या जागी नवा पूल, खर्च अंदाजे 6.2 कोटी डॉलर. ग्रामीण प्रकल्प म्हणून टीफियाचं कर्ज ट्रेझरीच्या (अमेरिकी सरकारी रोख्यांच्या) निम्म्या व्याजदराने मिळू शकतं, त्यामुळे सगळा डोळा तिकडेच.

पर्यावरण मंजुरी झालीय. राज्याचं अनुदान लेखी आहे. केंद्राचा एकूण वाटा 80 टक्क्यांवर जात नाही, हेही तपासलं. कर्ज लहान असल्याने एकाच संस्थेचं पतमानांकन (रेटिंग) पुरेल, पण तेही अजून मागितलेलं नाही.

गाडं अडलंय परतफेडीवर. अर्धा टक्का विक्रीकर तारण ठेवायचा विचार आहे, पण त्यावर मतदान नोव्हेंबरमध्ये. परतफेडीच्या तक्त्यात या कराच्या ओळीसमोर 'प्रस्तावित' लिहिताना हात अडखळतो. टोल शक्य नाही, एवढी वाहनंच नाहीत. टीफिया चालवणाऱ्या ब्यूरोशी (बिल्ड अमेरिका ब्यूरो) एकदा फोनवर बोलणं झालं. 'आधी चर्चा करू' एवढंच उत्तर. सल्लागार नेमायला या वर्षी पैसे नाहीत.

ज्यांनी ही प्रक्रिया स्वतः केलीय त्यांना विचारतो: मतदान बाकी असताना लेटर पाठवलं, तर पततपासणी सुरू होते, की कर मंजूर होईपर्यंत फाईल तशीच पडून राहते?