अनुभव धागा : प्राप्तिकराची कोणती सवलत तुम्हाला प्रत्यक्षात मिळाली?

रिटर्न भरायचे दिवस आले की आपल्याकडे एकच सल्ला ऐकू येतो, ‘नवीन प्रणाली (कमी दर, पण बहुतेक वजावटी नाहीत) घे आणि मोकळा हो.’ नुसता पगार असेल आणि तो १२.७५ लाखांपर्यंत असेल, तर २०२५-२६ साठी हे बरोबर आहे. पगारातून सरसकट मिळणारी ७५,००० ची प्रमाणित वजावट आणि कलम ८७ए ची करातली सूट धरली की कर शून्य. पण कोकणातल्या घरात नुसता पगार कुठे असतो? कलमांची बाग असते, होम-स्टेच्या दोन खोल्या असतात, मुलगा जहाजावर, आईवडील पेन्शनीत. ज्यांनी स्वतः सवलत घेतली त्यांनी लिहा, आणि कागद कोणते लागले तेही लिहा.

देवगड, शिक्षिका :
‘आंब्याक खंयचो टॅक्स?’ असं सासरे म्हणतात. खरं आहे, कलम १०(१) खाली शेतीचं उत्पन्न करमुक्त. पण ते दाखवावं लागतं. निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि पगार मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असला, की पगारावरचा कर काढताना शेतीचा आकडा मिळवून दर ठरतो. म्हणून खर्च नीट मांडा : फवारणी, खत, राखणीचा गडी, पेट्या, पेंढा, वाशीचं भाडं, दलाली. आम्ही दलालाच्या पट्ट्या तारखेवार फाईलला लावतो. रिटर्नचा फॉर्म आयटीआर-२. शेतीचं उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की क्षेत्र, जमीन स्वतःची की कराराची, बागायती की पावसावरची, सगळं विचारतात. सातबारा जवळ घेऊनच बसायचं. कॅनिंगला घातलेला आंबा शेतीतच येतो. पल्प काढून विकला तर त्या प्रक्रियेचा नफा धंद्यात जातो.

हर्णै :
मासळीचं उत्पन्नही शेतीत धरतात का?

देवगड, शिक्षिका :
नाही हो, तो व्यवसाय. माझ्या भावाची होडी आहे, तो कलम ४४एडी (छोट्या धंद्याचा नफा अंदाजाने धरण्याची सोय) खाली भरतो. लिलावाचे पैसे बँकेतून आले तर त्या उलाढालीच्या ६ टक्के नफा धरतात, रोखीने आले तर ८. म्हणून तो व्यापाऱ्यांकडून रोख घेत नाही.

मालवण :
बाबांना डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा गाडी करून गोव्याला न्यावं लागतं. वय सत्तरच्या पुढे, विमा कुणी देईना. अशा वेळी दोन कलमं कामाला येतात. विमा नसलेल्या ज्येष्ठ पालकांच्या उपचाराचा खर्च ८०डी खाली ५०,००० पर्यंत, पण रोखीने केलेला चालत नाही. आणि मूत्रपिंड निकामी झाल्याच्या उपचाराला ८०डीडीबी खाली ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत. त्याला किडनीच्या तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी हवी, साध्या एमबीबीएसची पुरत नाही. एकच बिल दोन्हीकडे लावायचं नाही, म्हणून मी डायलिसिसची बिलं एका पाकिटात आणि बाकीची औषधं दुसऱ्यात ठेवते. दोन्ही सवलती फक्त जुन्या प्रणालीत. माझं घरभाडं आणि गृहकर्जही असल्याने आकडेमोडीत जुनीच बरी पडली. ती निवडायची तर रिटर्न मुदतीत भरायलाच हवं.

चिपळूण :
वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता एकदम पगारात आला की कर फुगतो. कलम ८९ ची सवलत (फरक ज्या त्या वर्षात धरून कर काढायचा) नवीन प्रणालीतही मिळते, मात्र रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरायचा. आमच्या कार्यालयात हे कुणी सांगत नव्हतं. फरक कुठल्या वर्षाचा किती, याचा तक्ता लेखी मागून घ्या, त्याशिवाय फॉर्म भरताच येत नाही.

रत्नागिरी, जहाजावर :
वर्षात १८२ पेक्षा कमी दिवस भारतात राहिलो की मी अनिवासी. परदेशी फेऱ्यांना सीडीसीवरच्या (खलाशाचं नोंदपुस्तक) साइन-ऑन, साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याच्या तारखा धरतात. त्या पानांचे फोटो काढून ठेवतो, कारण पुस्तक कंपनीकडे जमा असतं. पगार इथल्या एनआरई (अनिवासींच्या) खात्यात आला तरी तेवढ्यावरून करपात्र होत नाही, तसं २०१७ चं सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) परिपत्रक आहे. गावच्या खोल्यांचं भाडं मात्र दाखवतो. त्यावर ८७ए ची सूट नाही, ती निवासींनाच.