मदत हवी आहे: एसी केमो घेतलेल्या पेशंटची हृदय-जोखीम शीटमध्ये हिरवी दिसतेय, चूक कुठं?

पेठेतलाशीटवाला
कोल्हापुरातल्या एका कॅन्सर फॉलो-अप ओपीडीसाठी एक्सेल शीट करतोय. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या बायका. बऱ्याच गडहिंग्लज-चंदगडकडच्या, सहा महिन्यांतून एकदा येतात. हृदयासाठी काय तपासायचं ते शीटनं तिथंच सांगावं.

डब्ल्यूएचओचा हृदय-जोखमीचा दक्षिण आशियाचा तक्ता घातलाय. वय ५२, वरचं बीपी १२८, शुगर नाही, एसी (अॅड्रियामायसिन-सायक्लोफॉस्फामाइड) ४ सायकल, डावीकडं रेडिएशन: उत्तर हिरवं, म्हणजे जोखीम कमी. एचएफए-आयकॉसमध्ये (कॅन्सरच्या औषधांनी हृदयाला किती धोका ते सांगणारा तक्ता) तीच बाई 'हाय'. धरायचं कुठलं? आणि मिश्री लावणारीला तंबाखूत 'हो' भरायचं का?

इकोरूम
दोन्ही साधनं चुकीच्या जागी लागलीत. डब्ल्यूएचओच्या तक्त्याला केमो ठाऊकच नाही. तो वय, स्त्री की पुरुष, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि विडी-सिगारेट एवढंच बघतो, तेही ४० ते ७४ वयात. ३६ वर्षांची पेशंट त्यात बसतच नाही. मिश्री त्या रकान्यात नको, वेगळा रकाना करा. सोडवायची तर आहेच.

एचएफए-आयकॉस उपचार सुरू होण्याआधी भरायचा. त्यातलं 'आधीचं रेडिएशन' म्हणजे पूर्वीच्या आजारातलं. आत्ताचंच तिथं भरलंत तर डाव्या बाजूची प्रत्येक बाई लाल होणार. आणि सगळेच लाल दिसले की महिनाभरात लाल रंगाकडं कुणी बघत नाही.

उपचारानंतरची पातळी युरोपियन कार्डिओलॉजी सोसायटीच्या २०२२ च्या मार्गदर्शनानुसार काढा. डॉक्सोरुबिसिन (म्हणजेच अॅड्रियामायसिन) एकूण १०० ते २४९ मध्यम, २५० पासून हाय, ४०० पासून व्हेरी हाय. एकक मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. उपचाराआधीचा स्कोअर हाय असेल तर डोस कमी असला तरी हायच.

पेठेतलाशीटवाला
डिस्चार्ज कार्डावर 'अॅड्रियामायसिन ९० मिग्रॅ × ४' एवढंच असतं. म्हणजे ३६०?

इकोरूम
तिथंच सगळे फसतात. ३६० ला शरीराच्या पृष्ठफळानं भागा. ते १.५ असेल तर २४०, म्हणजे मध्यम. न भागता भरलंत की फुकटची हाय. पृष्ठफळ काढायला उंची-वजन केमोच्या वेळचं घ्या, आजचं नको.

गोकुळशिरगावकर
त्याच गटातलं एपिरुबिसिन असेल तर डोस डॉक्सोरुबिसिनच्या मापात आणायचा गुणकही बघा. चौरस मीटरला ९० चे ४ म्हणजे ३६०. ०.८ नं गुणलं तर २८८, काही जुन्या तक्त्यांतल्या ०.६७ नं २४१. २५० ची रेघ मधोमध येते! युरोपियन मार्गदर्शनात ०.८ आहे. एकच धरा आणि कुठला धरला ते शीटवर लिहा.

रेडिएशनमध्ये ४० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक) भरू नका, तो स्तनाचा डोस. हवा तो हृदयाचा सरासरी डोस, तो प्लॅनिंगच्या कागदावर असतो. ५ ते १५ ग्रे मध्यम, १५ च्या वर हाय. ५ ते १५ च्या जोडीला डॉक्सोरुबिसिन १०० च्या वर असेल तरी हाय. म्हणजे तुमची २४० वाली बाई या एका आकड्यावर इकडची तिकडं होईल. कागद नसेल तर रकाना 'माहीत नाही' ठेवा. एक्सेल रिकाम्या चौकटीला शून्य धरतं आणि पेशंट गुपचूप हिरवी होते.

पेठेतलाशीटवाला
बरं. मग पातळीपुढं काय छापायचं?

इकोरूम
अँथ्रासायक्लिन (डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिनचा गट) घेतलेल्या प्रत्येकीला ते संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत एक इको (हृदयाची सोनोग्राफी). पुढं हायला १, ३, ५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी. मध्यमला दर ५ वर्षांनी. वर्षातून एकदा बीपी, लिपिड, शुगर, ईसीजी सगळ्यांनाच. धाप किंवा पायाला सूज असेल तर पातळी न बघता लगेच डॉक्टरांकडं, हे सगळ्यात वर मोठ्या अक्षरात. डब्ल्यूएचओचा तक्ता काढू नका, बीपी-कोलेस्टेरॉलच्या बाजूला राहू दे. फक्त त्याच्या हिरव्यानं दुसरा रंग पुसला जाऊ नये.

गोकुळशिरगावकर
आहाराच्या रकान्यात 'तेल कमी खाता का' विचारलं की सगळ्याजणी हो म्हणतात, वर कट तरंगत असतो. महिन्याला घरात किती किलो तेल आणि खाणारी किती, हे विचारा. ५ किलो, ५ माणसं म्हणजे माणशी रोज ३३ ग्रॅम. हा आकडा समोर ठेवला की बोलणं पुढं सरकतं.