काळ्या रानातली फोर बाय फोर : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

परवा विजापूर रोडला पंक्चरच्या दुकानात माझी जिप्सी लावली होती. शेजारी नवी कोरी जिम्नी येऊन थांबली. चालवणारा पोरगा पंचविशीचा. माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "काका, गाडी हौसेनं घेतली, पण आपल्याकडं ना डोंगर ना घाट. सोलापुरात ही फोर बाय फोर चालवायची कुठं?"

तिथं उभ्या उभ्या जे सांगितलं ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून हा धागा. जिल्ह्यात ज्यांच्याकडे जिप्सी, जिम्नी, थार, जुनी जीप अशी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी असेल त्यांनी लिहा. कुठे नेता, कुठे रुतलात, कशी काढलीत. पहिला अनुभव माझा.

माझी १९९८ ची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली. जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हा इंजिन होतं ९७० सीसीचं. १९९६ ला किंग आली ती १२९८ सीसीची, साठ हॉर्सपॉवरची. आजच्या मानानं ताकद काहीच नाही. पण वजन टनभराच्या आतबाहेर, आणि काळ्या रानात हे वजनच सगळं ठरवतं.

शेत मंद्रूपकडे, भीमा-सीनेच्या मधल्या काळीत. पाणंदीचा शेवटचा दीड किलोमीटर कच्चा. गाडी घेतल्यावर पहिल्याच जुलैत चांगला पाऊस झाला. मला वाटलं, आता फोर बाय फोर आहे, कशाला थांबायचं? दोनशे मीटर गेलो. काळी माती टायरच्या खाचांत भरत गेली, टायर लाटण्यासारखा गुळगुळीत झाला. मग मडगार्डच्या आत चिखल ठासून बसला आणि पुढची दोन्ही चाकं फिरायचीच थांबली. इंजिन चालू, गिअर पडलेला, गाडी जागच्या जागी. खाली उतरलो तर प्रत्येक बुटाला दोन-दोन किलोची ढेप. खुरप्यानं मडगार्ड खरवडायला तासभर लागला. शेजारच्या रानातले आजोबा धोतर वर खोचून आले. एवढंच म्हणाले, "वाफसा येऊ द्यायचा की. कुळव तरी घालतो का आम्ही असल्यात?"

वाफसा म्हणजे भिजलेलं रान मशागतीजोगं सुकणं. तेव्हापासून माझा हिशेब ठरला. ज्या दिवशी रानात कुळव जाऊ शकतो, त्या दिवशी गाडी जाऊ शकते. त्याआधी ती मुरमावर उभी राहील आणि मी चालत जाईन.

आता तुम्ही सांगा.

मोहोळ तालुका, ऊस बागायतदार

दादा, वाफशाचं अगदी खरं. पण उसाच्या पट्ट्यात दुसरी एक अडचण असते, ती म्हणजे चाकोरी. गाळप सुरू झालं की ट्रॅक्टर-ट्रॉल्या पाणंदीला दीड-दीड फुटाच्या चाकोऱ्या पाडतात. ट्रॅक्टरच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आपल्या गाडीपेक्षा जास्त. सरळ चाकोरीत उतरलात की गाडी तिरकी होते, मधला उंचवटा पोटाला लागतो आणि चारही चाकं लोंबकळतात. माझ्या जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभरापेक्षा थोडा कमी. तिथं तो पुरत नाही.

मी एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर ठेवतो आणि दुसरी बाजू पार कडेला, गवतावर. चाकोरी दोन्ही चाकांच्या मध्ये येते. फोर लो मध्ये (फोर बाय फोरचा हळू पण जोरकस गिअर), दुसऱ्या गिअरवर, पाय स्थिर ठेवून. स्टेअरिंगच्या आत अंगठे घालायचे नाहीत. चाक दगडाला आपटलं की स्टेअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा जातो.

रुतलीच तर आपल्याकडं पाचट आहे. बाजारात प्लास्टिकच्या जाळीदार फळ्या मिळतात, चांगल्या असतील, मी नाही घेतल्या. चाकासमोरची माती फावड्यानं उताराची करायची, पाचट दाबून भरायचं, वर दोन-चार तुराट्यांचे बिंडे टाकायचे. एक्सिलरेटर हळू. चाक गरगर फिरलं की पाचट मागं फेकलं जातं आणि तुम्ही आणखी सहा इंच खाली.

टायर रुंद टाकावेत का, असं बरेच जण विचारतात. कंपनीनं दिलेत तेच ठेवा. अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला टेकतो.

धागाकर्ता

यात एक भर घालतो. खाली घट्ट थर असेल तरच अरुंद टायर टेकणार. नदीकाठच्या काळीला तळच नसतो. म्हणून अनोळखी रानात जाताना मी एकच प्रश्न विचारतो: "विहीर खणताना काळी किती फूट लागली?" दोन-तीन फुटांवर मुरूम लागला असेल तर पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी जातो. बारा-पंधरा फूट म्हणाले की आठवडाभर नाव काढत नाही.

मंगळवेढा, पशुवैद्यक

मी गेली अकरा वर्षं या तालुक्यात जनावरं बघते. आधी स्कूटर होती, मग २०१२ ची सेकंडहँड जिप्सी, आता २०२३ पासून जिम्नी. माझ्यासाठी ही गाडी औषधाच्या पेटीइतकीच कामाची आहे, हे आधी सांगते.

मंगळवेढ्याची ज्वारी ज्या मातीमुळे नावाजली ती माती पावसाचं पाणी धरून ठेवते. त्याच मातीत रात्री अकराला फोन येतो, "ताई, गाय अडलीय, एकच पाय बाहेर आलाय." ऑक्टोबर होता, परतीचा पाऊस दोन दिवस पडत होता. वस्ती डांबरीपासून तीन किलोमीटर आत. माझ्यापुढे प्रश्न नव्हताच, वाफशाची वाट बघायला वासरू थांबत नाही.

डांबरी सोडतानाच फोर बाय फोर टाकली. रुतल्यावर टाकण्यात अर्थ नसतो हे मला जिप्सीनं शिकवलं होतं. टायरची हवा तिसाच्या आसपास होती ती वीसवर आणली. एका वळणावर मागचा भाग सुटला आणि गाडी आडवी चरीकडे जायला लागली. ब्रेकवर पाय गेला असता तर गेलीच होती. पाय काढला, मागचा भाग ज्या बाजूला चालला होता त्या बाजूला स्टेअरिंग दिलं, गाडी सावरली. हाताला घाम सुटला होता.

वस्तीच्या अलीकडे शंभर पावलांवर शेवटी बसलीच. मी पेटी उचलून पळत गेले. खिलार गाय, पहिलटकर. वासराचा दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागं राहिला होता. तो आधी आत ढकलून सरळ करायचा, खुरावर तळहाताची वाटी धरायची म्हणजे पिशवी फाटत नाही. चाळीस मिनिटांत वासरू बाहेर आलं, नाकात काडी घातल्यावर शिंकलं. कालवड होती.

गाडी काढायला पहाटे ट्रॅक्टर आला. त्या पोरानं घाईत साखळी बंपरला अडकवली आणि झटका दिला. बंपर एका बाजूनं निघून आला. पोराचा दोष नाही, दाखवायला हवं होतं मी. तेव्हापासून गाडी ओढायचा हूक कुठं आहे ते गाडी घेतलेल्या दिवशीच वाकून बघून ठेवा असं सगळ्यांना सांगते. साखळीपेक्षा चांगला जाड पट्टा बरा, त्यावर मध्ये ओलं पोतं टाकायचं म्हणजे तुटला तरी उसळत नाही, आणि ओढत असताना आसपास कुणीही उभं राहायचं नाही. पोरं मजा बघायला जवळ येतात, त्यांना आधी लांब करा.

आणि डांबरीवर परत आल्यावर दोन कामं विसरू नका: फोर बाय फोर काढणं आणि हवा भरणं. मी पायाचा पंप ठेवते, वीस मिनिटं जातात, जाऊ देत.

माढा तालुका, सीनाकाठ

२०२५ च्या सप्टेंबरातला सीनेचा पूर ज्यांनी पाहिला त्यांना काही सांगायला नको. माझ्याकडे वडिलांच्या वेळची जुनी जीप आहे. चार दिवस तीच फिरत होती. गोळ्या, दूध, भाकरी वस्त्यांवर पोचवल्या, म्हातारी माणसं शाळेत आणून सोडली.

तिसऱ्या दिवशी एका ओढ्याशी आलो. पलीकडे दोन घरं, एक बाळंतीण. पाणी फार दिसत नव्हतं. बरोबरची पोरं म्हणाली, जीप आहे, घाल. मी काठी घेऊन कडेनं उतरलो. गुडघ्याच्या वर पाणी लागलं आणि पायाखालची वाळू सरकायला लागली, दोन माणसांनी मला धरलं. परत फिरलो.

वाहतं पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर हलकी गाडी तळ सोडते, मग चार चाकं फिरली काय आणि नाही फिरली काय. थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगितलेली आहे, पण तो आकडा पुराच्या ओढीत धरायचा नसतो. त्या बाळंतिणीला दुपारी होडीतून आणलं. दोघं सुखरूप आहेत. मला आजही त्या ओढ्याशी गेलो की काठीचा तो हिसका हाताला जाणवतो.

पूर ओसरल्यावर फिटरनं डिफरन्शियलचा (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) बोल्ट काढला तर ऑईल चहासारखं दुधाळ आलं. पाणी शिरलं होतं. दोन्ही बाजूंचं, शिवाय गिअरबॉक्सचं बदललं. पाण्यातून गेलेल्या प्रत्येकानं हे बघावं. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

अक्कलकोट रोड, गॅरेज

जुनी जिप्सी घ्यायला येणारे आधी रंग बघतात. साहेब, रंग शेवटी बघा. चेसीला मागचे पाटे जिथं बसतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरनं टोचा. गंजानं पोकळ झाली असेल तर गाडी सोडा. मग रिकाम्या रस्त्यावर साठला न्या. स्टेअरिंग थडथड उडायला लागलं तर बहुतेक किंगपिनचे, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचे, बेअरिंग गेलेत. पुढचे हब (चाकाच्या मधला भाग, लॉक केला तरच पुढच्या चाकाला ताकद जाते) हातानं लॉक होणारे असतील तर दोन्ही फिरवून बघा, बऱ्याच गाड्यांचे वर्षानुवर्षं जाम असतात आणि मालकाला वाटतं फोर बाय फोर चालू आहे. फोर बाय फोर कच्च्या जागेवरच टाकून बघा. या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांमधला डिफरन्शियल नसतो, कोरड्या डांबरीवर फोर बाय फोरमध्ये वळवलं की सगळा ताण क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि गिअरवर येतो.

लष्कराच्या लिलावातली असेल तर कागद पुरे असल्याशिवाय पैसे देऊ नका. माझ्याकडे एक जण दोन वर्षं गाडी ठेवून होता, पासिंग होईना. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पुन्हा नोंदणी आणि हरित कर लागतो, तोही धरा हिशेबात.

बार्शी

जिम्नी, मॅन्युअल. ॲव्हरेज तेरा-चौदा. मे महिन्यात त्रेचाळीस डिग्रीला एसी पुरतो. मागची सीट लांबच्या प्रवासाला अवघडते, आईला पुढंच बसवतो. बाकी तक्रार नाही.

नान्नज परिसर, पक्षिनिरीक्षक

एक कळकळीची विनंती. आता सुट्टीत गाड्या माळावर यायला लागल्यात. मोकळं दिसतं म्हणून वाटेल तशा फिरवतात, गोल गोल धूळ उडवून व्हिडिओ काढतात. हे माळरान पडीक नाही. १९७९ साली हे अभयारण्य झालं ते माळढोकासाठी. तो आता जवळजवळ दिसेनासा झालाय, पण लांडगा, खोकड, काळवीट अजून आहेत. टिटवी, धाविक, चंडोल यांची अंडी सरळ जमिनीवर असतात, धाविकाची तर मातीच्याच रंगाची. मी तीन पावलांवर उभा राहून शोधतो तरी सापडत नाहीत, गाडीतून काय दिसणार?

मुरमाड माळावर मातीचा थर बोटभर असतो. एकदा टायर गेला की गवत मुळासकट निघतं, पुढच्या पावसात पाणी त्याच रेघेनं धावतं आणि ओघळ पडतो. एका जीपची रेघ मी सात वर्षं बघतोय, अजून भरलेली नाही. अभयारण्यात तर परवानगीशिवाय नाहीच, पण बाहेरच्या माळावरही बैलगाडीची वाट सोडू नका.

करमाळा तालुका, उजनीकाठ

उन्हाळ्यात पाणी मागं गेलं की उघड्या पडलेल्या पात्रात गाडी घालायचा मोह होतो. वर भेगा पडलेला टणक पापुद्रा, खाली ओला गाळ. मोटारसायकल जाते म्हणून गाडी जाईल असं नाही. माझी रुतली तेव्हा जॅकच गाळात गेला. जॅकखाली टाकायला जाड लाकडी फळी तेव्हापासून गाडीतच असते. मच्छीमारांनी काढली, आठ जणांनी. चहाशिवाय काही घेतलं नाही त्यांनी.

जुळे सोलापूर

काका, पंक्चरच्या दुकानात विचारणारा तो मीच. सगळं वाचलं. रविवारी तुमच्याबरोबर मंद्रूपला आलो होतो, तेच इथं लिहितो. आदल्या रात्री सर येऊन गेलेली. तुम्ही मला आधी विहिरीवर नेलंत आणि कठड्यावरून खाली बघायला लावलंत. पायऱ्यांच्या बाजूला काळीचा थर दिसत होता, माझ्या दीड उंचीचा, मग पिवळसर मुरमाची रेघ. मी माती हातात घेऊन दाबली तर बोटांचे ठसे उठले आणि लाडू वळला. तुम्ही म्हणालात फुटला पाहिजे.

गाडी मुरमावर ठेवली, आपण चालत गेलो, येताना बूट हातात होते. बुधवारपासून ऊन पडलंय. शनिवारी सकाळी परत जातोय, लाडू फुटला तर आत नेईन. फळी घेतली, पाचट दोन पोती भरून ठेवलंय. मंद्रूप-कुडल बाजूचं कुणी सोबत येणार असेल तर सांगा, सातला आसरा चौकात थांबतो.