कोरियन आय क्रीम: डोळ्यांखालच्या काळेपणावर कितपत भरवसा ठेवावा?

चौकसबाई
माझे वय ३८ आहे. डोळ्यांखाली काळेपणा आहे, कोपऱ्यांत बारीक रेषा दिसू लागल्या आहेत आणि सकाळी खालच्या पापण्या सुजलेल्या असतात. ‘ब्यूटी ऑफ जोसॉन’चे जिन्सेंग व रेटिनाल (अ जीवनसत्त्वाचे एक रूप) असलेले सीरम घ्यावे की ‘एएचसी’चे आय क्रीम, हे ठरत नाही. तिन्ही तक्रारींना एकच ट्यूब पुरेल का? आईच्या आणि मावशीच्याही डोळ्यांखाली असाच काळेपणा आहे, हेही नोंदवून ठेवते.

रसशाळा
आधी कोरियातील व्यवस्था लक्षात घ्यावी. तेथे २००० साली अमलात आलेल्या सौंदर्यप्रसाधन कायद्यात ‘कार्यात्मक’ प्रसाधनांचा वेगळा वर्ग आहे, आणि सुरकुत्या कमी होतात असे वेष्टनावर छापायचे असेल तर कंपनीला अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाच्या अटी पाळाव्या लागतात. मंत्रालयाने मान्य केलेल्या घटकांत ॲडेनोसिन ०.०४ टक्के आणि रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचेच दुसरे रूप) प्रति ग्रॅम २,५०० आययू (आंतरराष्ट्रीय एकके), म्हणजे साधारण ०.०७५ टक्के, अशी प्रमाणे ठरलेली आहेत. त्वचा उजळण्याच्या दाव्यासाठी नायसिनमाइड (ब-३ जीवनसत्त्वाचे एक रूप) २ ते ५ टक्के चालते. पुष्कळ आय क्रीममध्ये ॲडेनोसिन आढळते ते यामुळेच. ठरलेले प्रमाण पाळले की दावा छापता येतो, परंतु आपल्या रेषा किती पुसट होतील याचे उत्तर त्या शिक्क्यात नसते.

टक्केवारी वाचतानाही सावध राहावे. जोसॉनच्या सीरमवरील २ टक्के हा आकडा रेटिनाल असलेल्या लायपोसोम (घटक आत साठवणारे सूक्ष्म स्निग्ध कण) मिश्रणाचा आहे. शुद्ध रेटिनाल त्याहून पुष्कळच कमी असते. डोळ्यांभोवतीच्या नाजूक त्वचेसाठी हे सौम्य प्रमाण मला उलट बरे वाटते. आणि एएचसीचे ते क्रीम तर कंपनीच संपूर्ण चेहऱ्याला लावायला सांगते, यावरून आय क्रीम आणि साधे मॉइश्चरायझर यांच्यातील सीमा किती पुसट आहे ते कळावे.

आरशासमोर
तुमच्या प्रश्नातील अवघड भाग काळेपणाचा आहे, कारण त्याची कारणे निरनिराळी असतात. उजेडात बसून खालची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणून पाहावी. तपकिरी रंग तसाच राहिला तर बहुधा रंगद्रव्य अधिक आहे. जांभळट छटा अधिक ठळक झाली तर पातळ त्वचेखालील रक्तवाहिन्या दिसत असण्याची शक्यता असते. आणि उजेडाची दिशा बदलताच काळेपणा कमी-जास्त झाला तर ती गालाजवळच्या खोलगट भागाची सावली असते, जिच्यावर कोणतेही क्रीम चालत नाही. हे प्रकार एकत्रही असतात, त्यामुळे ही चाचणी अंदाजापुरतीच आहे. आपल्याकडे आनुवंशिक काळेपणा पुष्कळ दिसतो. रंगद्रव्याचा भाग नायसिनमाइड आणि नियमित सनस्क्रीनने काहीसा फिका होऊ शकतो, परंतु तो साफ निघून जाईल अशी आशा धरून पैसे खर्च करू नयेत.

सकाळची सूज दुपारपर्यंत उतरत असेल तर झोप आणि मीठ यांकडे पाहावे. थंड पाण्याची पट्टी जे करते त्याहून कॅफीनचे सीरम फार वेगळे करत नाही. डोळे सतत खाजवण्याची सवय असेल तर आधी ॲलर्जीचा इलाज करावा.

चौकसबाई
ताणून पाहिले; रंग तपकिरीच राहतो. मग कोपऱ्यांतील रेषांसाठी रेटिनाल घ्यायला हरकत नाही ना? ते किती दिवसांत दिसते?

रसशाळा
हरकत नाही, मात्र गरोदरपणात किंवा त्या तयारीत असताना रेटिनाल टाळावे. प्रथम आठवड्यातून दोनच रात्री, डोळ्यांच्या कडेच्या हाडावर तांदळाच्या दाण्याएवढे लावावे. वरच्या पापणीवर लावू नये. कोरडेपणामुळे उठून दिसणाऱ्या रेषा कोणत्याही चांगल्या मॉइश्चरायझरने लगेच भरल्यासारख्या वाटतात, त्याला रेटिनालचे यश समजू नये. खरा फरक पडलाच तर तो सुमारे तीन महिन्यांनी आणि तोही थोडा असतो, म्हणून सुरुवातीलाच एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी छायाचित्र काढून ठेवावे. जळजळ किंवा साल निघू लागली तर थांबावे. लहान ट्यूबच घ्यावी, आणि भारतात विकत घेताना वेष्टनावर आयातदाराचे नाव व आयात नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे.