‘सँक्च्युअरी सिटी’ला मराठीत काय म्हणावे?

‘सँक्च्युअरी’साठी ‘अभयारण्य’ रुळलेले असल्यामुळे ‘अभयनगर’ हा शब्द चटकन सुचतो, पण माझ्या मते तो टाळावा, कारण ‘सँक्च्युअरी सिटी’ म्हटली जाणारी ही अमेरिकी शहरे कोणालाही अभय देत नाहीत. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना शोधून देशाबाहेर पाठवणे हे केंद्र सरकारचे काम आहे, त्यात आमचे पोलीस आणि आमचा तुरुंग राबणार नाही, एवढेच ती म्हणतात. समजा, किरकोळ गुन्ह्यात पकडलेल्या एखाद्याला जामीन मिळाला आणि तो सुटणार, तोच केंद्राच्या इमिग्रेशन खात्याची विनंती आली की याला आणखी ४८ तास अडकवून ठेवा. न्यायाधीशाचे वॉरंट सोबत नसेल तर अशी अनेक शहरे त्याला सोडून देतात. मात्र फाटकाबाहेर केंद्राचे अधिकारी उभे असले तर ते त्याला तिथेच पकडू शकतात, आणि शहर त्यांना अडवू शकत नाही. अशा माणसाला ‘तुला अभय आहे’ असे सांगणे ही त्याची फसवणूक होईल.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९७९ मध्येच, केवळ इमिग्रेशनची स्थिती तपासण्यासाठी कोणावर कारवाई करू नये, असा आदेश काढला होता. ज्याच्या घरी चोरी झाली त्याने न घाबरता चौकीत यावे, हा अशा धोरणांमागचा साधा विचार आहे.

सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ च्या स्थानिक कायद्यात स्वतःला ‘आश्रयाचे शहर’ म्हटले. ही कल्पना बायबलमधली असून तिला मराठीत ‘शरणपूर’ हा तयार शब्द आहे. ज्याच्या हातून नकळत मनुष्यहत्या घडली त्याने तिथे पळून जावे आणि न्यायनिवाडा होईपर्यंत सुरक्षित राहावे, पण वेस ओलांडली तर ते संरक्षण संपत असे. नाशिकचे शरणपूरही याच अर्थाने वसले. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनऱ्यांनी तिथे आसरा देऊन शिकवले.

‘शरण जाणे’ म्हणजे हार मानणे, ही अर्थछटा काहींना खटकेल, हे मला मान्य आहे. तरीही आसऱ्यासोबत त्याची मर्यादाही सांगणारा दुसरा शब्द मला दिसत नाही. बातमीत प्रथम ‘सँक्च्युअरी सिटी’ लिहून पुढे ‘शरणपूर’ वापरावे. ‘डिपोर्टेशन’साठी ‘हद्दपारी’ मात्र इथे नको. आपल्याकडे जिल्ह्यातून तडीपार केलेल्यालाही हद्दपार म्हणतात, म्हणून ‘मायदेशी रवानगी’ लिहिणे अधिक नेमके होईल.