बाईकवर गेटचा रिमोट कायमचा बसवायचाय: पास स्विचवर घ्यावा की वेगळं बटण लावावं?

नाशिकरोड३५०

नमस्कार मंडळी. बंगल्याला मोटरवर चालणारं सरकतं गेट आहे. रिमोट चार बटणांचा, ४३३ मेगाहर्ट्झचा, आत १२ व्होल्टचा तो बारका २७ए सेल. गाडी क्लासिक ३५०, हॅलोजन हेडलाइटवाली. पावसाळ्यात रेनकोटच्या आतून रिमोट काढायचा म्हणजे गल्लीच्या मध्येच गाडी थांबवा, हातमोजा काढा, चेन उघडा. म्हणून एक जादा रिमोट घेतलाय, तो गाडीतच बसवायचा आहे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पास लाइटच्या (हेडलाइट क्षणभर चमकवून इशारा द्यायच्या) स्विचवरूनच तो चालवता येईल का? म्हणजे हँडलवर नवीन काही लावायला नको. दुसरं, सेल काढून रिमोटला थेट गाडीच्या बॅटरीवरून करंट दिला तर चालेल का, दोन्ही १२ व्होल्टच आहेत. आणि तिसरं, डबी नेमकी कुठे ठेवायची? सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. मूळ वायरिंग कापायची नाही, वॉरंटी बाकी आहे.

सोल्डरगन

पास स्विचचा विचार सोडून द्या. पहिल्यांदा सगळ्यांना तोच सुचतो, पण त्यात तीन भानगडी आहेत.

पास आणि अप्पर दोन्ही शेवटी एकाच वायरवर येतात, हेडलॅम्पच्या अप्पर फिलामेंटच्या. तिथून टॅप घेतला की हायवेवर अप्पर लावून जाताना रिमोट तासभर सतत सिग्नल फेकत राहणार. बारका सेल त्यात लगेच बसतो.

दुसरी भानगड रोलिंग कोडची. रिमोट उघडून आतल्या आयसीवरचा नंबर वाचा. एचसीएस३०१ लिहिलं असेल तर तो रोलिंग कोड. तो प्रत्येक वेळी नवा कोड पाठवतो आणि आत एक गणती पुढे सरकत राहते. रिसीव्हर शेवटच्या ऐकलेल्या कोडपासून पुढचे १६ कोड लगेच मान्य करतो. दिवसभर ओव्हरटेक करताना ३०-४० वेळा पास मारला की गणती त्या १६ च्या पलीकडे जाते. मग गेटसमोर पहिलं दाबणं फुकट जातं, लागोपाठ दुसरं दाबल्यावर रिसीव्हर स्वतःला जुळवून घेतो. माणसाला वाटतं रेंज कमी आहे, आणि तो अँटेनाच्या मागे लागतो.

तिसरी भानगड त्यातूनच निघते. बहुतेक गेटमोटरींचं लॉजिक उघड-थांब-बंद-थांब असं एकाच बटणावर असतं. सवयीने दोनदा पास मारला आणि दोन्ही वेळा सिग्नल पोचला, तर गेट अर्ध्यात थांबतं.

त्यामुळे हँडलवर वेगळं बटण लावा. १२ किंवा १६ मिमीचं, पाणी न जाणारं, दाबलं की चालू आणि सोडलं की बंद असं. ते कडी असलेलं घ्या, म्हणजे बटणाचं डोकं कडेपेक्षा खाली असलेलं. नाहीतर पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचा आरसा लागूनही दाबलं जातं.

आता थेट बॅटरीचं. करू नका. इंजिन चालू असताना गाडीची लाइन १४ ते १४.५ व्होल्टला असते, वर झटके येतात ते वेगळेच. एचसीएस३०१ ची मर्यादा १३ व्होल्ट. बाजारात मिळणारं, व्होल्टेज कमी करणारं एएमएस१११७ चं मॉड्यूल मध्ये घालावं तर त्याचीच इनपुट मर्यादा १५ व्होल्ट, म्हणजे काठावरच. शिवाय ते नुसतं जोडून ठेवलं तरी काही मिलिअँपिअर पीत राहतं. रिमोटचा सेल रिमोटमध्येच राहू द्या. फक्त बटण दाबण्याचं काम गाडीकडून करून घ्या.

तारजोड

वरच्याशी सहमत. पण बटणाची वायर थेट रिमोटच्या बटणाला जोडू नका. जोडणी सोपी आहे आणि चालतेही, पण मग गाडी गेटबाहेर उभी असताना येणारा-जाणारा कोणीही ते बटण दाबून गेट उघडेल. चावी चालू असेल तरच गेट उघडलं पाहिजे. त्यासाठी गाडीचं सर्किट आणि रिमोटचं सर्किट वेगळं ठेवायचं, मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे आतल्या एलईडीच्या उजेडाने दुसऱ्या बाजूचा स्विच चालू करणारी छोटी आयसी.

सामान: पीसी८१७ ऑप्टोकपलर १, २.२ के ओहम पाव वॅटचा रेझिस्टर १, १एन४१४८ डायोड १, १ अँपिअरचा फ्यूज होल्डरसकट, ०.५ चौरस मिमीची वायर अंदाजे ३ मीटर, हीट श्रिंक, रबरी गॅस्केटवाली छोटी एबीएसची डबी.

चावीवर चालू होणारी वायर मीटरने शोधा. चावी बंद असताना शून्य, चालू केल्यावर १२ च्या वर. तिथून फ्यूज, मग हँडलचं बटण, मग २.२ के, मग पीसी८१७ ची १ नंबरची पिन (टिंब असते तिथली). २ नंबर अर्थला. डायोड १ आणि २ मध्ये उलटा, पट्टीची बाजू १ कडे. आतला एलईडी उलट्या व्होल्टेजला फक्त ६ व्होल्ट सहन करतो, म्हणून तो डायोड. १४ व्होल्टला जवळपास ६ मिलिअँपिअर जातात, तेवढे भरपूर झाले.

रिमोटच्या बाजूला ४ नंबर म्हणजे कलेक्टर, तो बटणाच्या प्लस पायाला. ३ नंबर दुसऱ्या पायाला. प्लस कुठला ते सेल बसवून, बटण न दाबता मीटरने बघा. बटणाला चार पाय असतील तर दोन-दोन आतून जोडलेले असतात, म्हणून कायम समोरासमोरच्या कोपऱ्यातले, तिरके दोन पाय धरा.

ऑप्टो रिमोटच्या पाटीला चिकटूनच बसवा. लांब वायर रिमोटच्या बाजूला आली की ती अँटेनासारखी वागते आणि पाटीवर छापलेल्या अँटेनाचं ट्यूनिंग हलवते. लांबी ठेवायची ती गाडीच्या बाजूला.

मूळ वायरला निळे चिमटा कनेक्टर लावू नका. त्यातली पाती तारेचे दोन-चार पदर कापते आणि एका पावसाळ्यात तिथे हिरवा गंज चढतो. मूळ कनेक्टरच्या जोडीचाच दुसरा घेऊन मध्ये वाय वायर (एकाच्या दोन फांद्या होणारी) तयार करा. वॉरंटीला गाडी नेताना ती काढून ठेवता येते.

गेटमोटर_सांगली

गेटच्या बाजूने सांगतो, कारण रेंजच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथे असतं.

रिसीव्हरची अँटेना म्हणजे साधारण १७ सेंटिमीटरची साधी तार. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग तेवढाच येतो. बसवणारे ती बरेचदा मोटरच्या डब्यात गुंडाळून ठेवतात. ती सरळ करून प्लास्टिकच्या झाकणाकडे उभी करा, लोखंडापासून लांब. गाडीत काही बदलण्याआधी हे करा.

दुसरं, दुचाकीसाठी आख्खं गेट उघडायची गरजच नाही. बऱ्याच मोटरींमध्ये माणूस जाण्यापुरतं अर्धवट उघडण्याची सोय असते आणि ती रिमोटच्या दुसऱ्या बटणाला देता येते. क्लासिकचं हँडल ८० सेंटिमीटरच्या आत आहे, तेव्हा सव्वा मीटर उघडलं की आरशांसकट आरामात जाता. गेट मिनिटाला १० मीटरने सरकत असेल तर ७-८ सेकंदांत काम होतं, मोटरही कमी घासते. तारजोड म्हणतात ती जोडणी त्या दुसऱ्या बटणावर करा.

नवीन रिमोट शिकवताना तो मेमरीत कितव्या नंबरला गेला ते लिहून ठेवा. गाडी चोरीला गेली तर तेवढाच नंबर खोडता येतो. काही रिसीव्हरमध्ये एकेक खोडायची सोय नसते, सगळेच पुसावे लागतात आणि घरातले बाकीचे रिमोट पुन्हा शिकवायला लागतात.

आणि आयसीवर ईव्ही१५२७ किंवा पीटी२२६२ दिसलं तर तो ठरलेला कोड आहे, रोलिंग नाही. बाजारात नक्कल करणाऱ्या रिमोटने तो सहज उचलता येतो. गेट रस्त्यालगत असेल तर रोलिंग कोडचा रिसीव्हर बसवून घ्याच. फार मोठं काम नाही, मोटर तीच राहते.

सोल्डरगन

तारजोडच्या जोडणीत एक मोठा पण आहे, आणि २७ए सेलवाल्या रिमोटला तो हमखास लागू होतो. स्वस्त १२ व्होल्ट रिमोटमध्ये बटण नुसता इशारा देत नाही. आख्ख्या सर्किटचा करंट डायोडमधून त्या बटणातूनच जातो. तिथे पीसी८१७ लावला तर लाल दिवा मिणमिणतो आणि गेट हलत नाही. माणूस सोल्डरिंग तपासत बसतो, सोल्डरिंगचा काही दोष नसतो.

आधी मोजा. मीटर मिलिअँपिअरवर ठेवून दोन्ही टोकं बटणाच्या त्या दोन तिरक्या पायांना लावा. मीटरच बटणाचं काम करेल, रिमोटचा दिवा लागेल. आकडा १ च्या आत असेल तर ऑप्टो. ५ च्या वर गेला तर छोटा १२ व्होल्टचा रिले, म्हणजे कॉइलला करंट दिला की आतला स्विच जोडणारा.

एडिसन_न्यूजर्सी

इकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या गॅरेजसाठी थोडी भर. लिफ्टमास्टर किंवा चेंबरलेनची मोटर असेल तर तिच्या लर्न बटणाचा (नवा रिमोट शिकवायच्या) रंग बघून रिमोट घ्या. जांभळं असेल तर ३१५ मेगाहर्ट्झ, पिवळं असेल तर सिक्युरिटी प्लस २.०, म्हणजे त्यांची रोलिंग कोडची पद्धत. एकाचा रिमोट दुसऱ्याला चालेलच असं नाही. सीआर२०३२ सेलवाल्या रिमोटमध्ये बटणातून नुसता इशारा जातो, तिथे ऑप्टो मस्त चालतो.

इकडे १९९३ पासून घरच्या गॅरेज मोटरींना फोटो आय (दारात कोणी आहे का ते किरणाने बघणारे सेन्सर) सक्तीचे आहेत, आणि ते जमिनीपासून ६ इंचांच्या आत बसवतात. क्लासिकचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, म्हणजे ६ इंचांहून जास्त. दोन चाकांच्या मधून तो किरण आरपार जातो आणि मोटरला वाटतं दारात कोणी नाही. म्हणून दारात गाडी थांबवून बटण दाबायचं नाही. पूर्ण आत जा, मगच बंद करा. आपोआप बंद होण्याचा टायमर असेल तर बाइकवाल्याने तो लांब ठेवावा.

नाशिकरोड३५०

सगळ्यांचे आभार. मोजलं: बटणाच्या पायांत १३ मिलिअँपिअर. आयसीवर एचसीएस३०१ आहे. म्हणजे रिलेच. डबी हेडलाइटच्या मागे त्या धातूच्या टोपणात बसेल का? तिथे जागाही आहे आणि वायरही जवळ पडते.

सोल्डरगन

तिथे नको. चहूबाजूंनी धातू, त्यात रिमोट कोंडला की रेंज दोन-चार मीटरवर येईल. सीटखाली मागच्या बाजूला ठेवा. सीटचा तळ प्लास्टिकचा आणि वर फोम, त्यातून सिग्नल आरामात जातो. फक्त डबी मडगार्डच्या पत्र्याला चिकटवू नका, खाली ३-४ सेंटिमीटर जाड रबर किंवा फोम द्या. रेक्टिफायर आणि सायलेन्सरच्या उष्णतेपासून लांब.

रिलेची जोडणी: चावीची वायर, फ्यूज, हँडलचं बटण, रिलेची कॉइल, अर्थ. कॉइलवर १एन४००७, पट्टी प्लसकडे. कॉइल ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, ०.५ ची वायर पुरते. रिलेचे कॉमन आणि नॉर्मली ओपन हे दोन पाय रिमोटच्या बटणाला. इथे प्लस-मायनसचा प्रश्न नाही. रेझिस्टर आणि ऑप्टो दोन्ही गेले.

सेलच्या स्प्रिंगकडे लक्ष द्या. सिंगल सिलिंडरच्या थरथरीत २७ए सेल स्प्रिंगवर नाचतो आणि टोकाला काळा थर धरतो. सेलवर फोमचा तुकडा ठेवून झाकण दाबून बसेल असं करा. दर पावसाळ्याआधी सेल बदला.

तारजोड

डबी बंद करण्याआधी: वायरचं भोक डबीच्या खालच्या अंगाला पाडा आणि वायर आधी खाली उतरवून मग वर आणा, म्हणजे पाणी त्या वळणावरून टपकून जाईल. भोक बुजवायला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वापरू नका, त्याचं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्या. बटणाची वायर हँडलकडून टाकीखाली नेताना हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, कुठेही ताण नको. टाय पट्ट्या स्टेमपाशी (हँडल फिरतं त्या दांड्यापाशी) सैल ठेवा. तिथे घट्ट आवळलेली वायर वर्षभरात आतून तुटते, बाहेरून काहीच दिसत नाही.